पाठमोरी

दर रविवारी संध्याकाळी सात वाजता पुनाराम गजभियेच्या मोबाइलवर मुलीचा फोन यायचा. मयुरी रायपूरला एका शाळेत शिकवायची. लग्नाला बारा वर्षं झालेली, घरात नवरा, सासू, एक लेक. बोलायला तिच्याकडे माणसं होती. बालाघाटला बापाकडे टीव्ही होता, आणि तोही तो आवाज बंद करून बघायचा.

"जेवले काय, बाबूजी?"

"हौ. तू?"

"आता बनवून राह्यली. तब्येत बरी आहे?"

"बरी आहे."

"थंडी असंन तिकडं?"

"आहे थोडी."

"मंग ठेवू?"

"हौ, ठेव."

बोलणं संपलं की पडद्यावर आकडा यायचा. अडतीस सेकंद, कधी एक्केचाळीस. पुनाराम तो आकडा बघायचा आणि मोबाइल कपाटावर ठेवून द्यायचा.

याला कारण होतं, आणि ते त्याचं त्यानंच करून ठेवलेलं होतं. शेवंताबाई होती तोवर फोन वाजला की पुनाराम तो कानाला न लावता तिच्या हातात द्यायचा. "घे, पोरीचा आहे." बस, बापाचं काम संपलं. शेवंताबाई मग अंगणात फेऱ्या मारत अर्धा अर्धा तास बोलायची, आणि जेवायला वाढताना त्यातलं निवडक त्याला सांगायची. जावयाची बदली टळली. नात धावण्यात दुसरी आली. इतकी वर्षं बापलेकीचा कारभार असा तिसऱ्या माणसामार्फत चालला आणि दोघांनाही त्यात काही उणं वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी शेवंताबाई चार दिवसांच्या तापात गेली. तेव्हापासून फोन पुनारामच्या हातातच राहिला. पुढं द्यायला घरात कोणी नव्हतं.

मागच्या रविवारी मयुरी म्हणाली होती, "बाबूजी, शाळेचं काम लय वाढलं. आता पंधरा दिवसांनी करीन फोन. चालते ना?"

"हौ, चालते," पुनाराम म्हणाला होता.

चालत नव्हतं. पंधरा दिवसांचा महिना व्हायला आणि महिन्याचं वर्ष व्हायला किती वेळ लागतो, हे काय त्याला कळत नव्हतं? पोरगी हातची चालली होती. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं बोलायला काही नाही म्हणून चालली होती. सहासष्ट वर्षांच्या त्या माणसाला त्या रात्रीचा भात गिळवला नाही.

अशा वेळी दुसरा कोणी असता तर सरळ फोन उचलून म्हणाला असता, पोरी, मला करमत नाही. पण पुनारामला सरळ काही बोलता आलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. त्याला आठवलं ते वेगळंच. शेवंताबाई गेल्यावर मयुरी आईची पेटी उपसत बसली होती, तेव्हा म्हणाली होती, "आपल्या उकव्याच्या क्वार्टरचा एक बी फोटो नाही?" नव्हता. उकव्याच्या खाण-वसाहतीतली क्वार्टरांची ती सगळी रांगच पाडून तिथं आता नवी घरं झाली होती. पुनारामच्या मनात आलं, की ते क्वार्टर आपण काढून द्यावं. आपला हात काही अगदीच अडाणी नाही.

वॉर्डातल्या समाज भवनात दर रविवारी सकाळी जलरंगांचा वर्ग भरायचा. बाहेर लावलेल्या कागदावर 'सर्व वयोगटांसाठी' असं लिहिलेलं होतं. ते बहुधा शोभेसाठी असावं, पण पुनारामनं खरं मानलं आणि दहा-बारा वर्षांच्या पोरापोरींच्या ओळीत शेवटी मांडी घालून बसला. शिकवणारी प्रियंका खैरागढहून चित्रकला शिकून आलेली, पंचविशीची मुलगी. घरी मराठी समजायची, बोलायची मात्र हिंदीच.

पहिल्या दिवशी तिनं कागदावर एकसारखा रंग पसरायला सांगितलं. पोरांच्या कागदांवर डाग आणि ओघळ झाले. पुनारामनं चित्राच्या पाटीखाली रबराचा तुकडा सरकवून उतार केला, ब्रश भरून वरून आडवी ओढ घेतली, खाली साचलेलं पाणी पुढच्या ओढीनं उतरवत आणलं आणि तळाशी कोरड्या ब्रशनं टिपून घेतलं. कागदावर निळा रंग कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही.

"दादाजी, इतना साफ तो मुझसे भी नहीं होता," प्रियंका म्हणाली. "कहाँ सीखा?"

"उकव्याले, खाणीत."

छत्तीस वर्षं तो मँगनीजच्या खाणीत सर्वे ऑफिसात ट्रेसर होता. जमिनीखालचे नकाशे गिरवून काढायचे आणि जितकं खणून झालं तितकं रंगवायचं, दर वर्षाचा रंग वेगळा. मग कॉम्प्युटर आला आणि ब्रश कपाटात गेले. पोरं त्याच्याकडे आदरानं बघू लागली. हा आदर पुढच्या रविवारपर्यंत टिकला.

पुढच्या रविवारी प्रियंकानं आपापलं घर काढायला सांगितलं. पुनारामनं उकव्याचं क्वार्टर काढलं. कागदाच्या बरोबर मध्यभागी, चारी बाजूंनी सारखी जागा सोडून, वरून दिसतं तसं. दहा बाय बाराची खोली, सहा फुटांचा व्हरांडा, बेचाळीस फुटांवर हापशी. वर कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. खाली डाव्या हाताला प्रमाण.

पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली. प्रियंकानंही ओठ दाबले. "दादाजी, ये घर तो सिर्फ कौवे को ऐसा दिखेगा. नीचे आइए. ज़मीन पर खड़े होकर देखिए."

पुनारामला राग आला. छत्तीस वर्षांत त्याचा एक नकाशा साहेबानं परत पाठवला नव्हता. पण घरी येऊन त्यानं समोरून काढायचा प्रयत्न केला, तेव्हा हात अडला. उंची, रुंदी, सगळं पाठ होतं. दिसत काहीच नव्हतं.

तरी तो जात राहिला. रविवार सकाळ तरी भरलेली असायची. प्रियंका त्याला जागचं हलवायला शिकवत होती. घर मधोमध नको, उजवीकडं घ्या, डावीकडून रस्ता येऊ द्या. दूरचं फिकट करा, जवळचं गडद. पुनाराम कुरकुरायचा. ऑफिसात जागा आपल्या मर्जीनं इकडची तिकडं केली असती तर नोकरी गेली असती. रंगांचं तर आणखीच अवघड. त्यानं सावली काढली ती काळ्या रंगानं, चापून. प्रियंकानं त्याला हाताला धरून बाहेर नेलं. समाज भवनाच्या चुन्याच्या भिंतीवर बादलीची सावली पडली होती.

"कौन सा रंग है?"

"सावलीचा," पुनाराम म्हणाला.

"ध्यान से देखिए."

तो बघत राहिला. उन्हाच्या कडेला ती सावली निळसर होती, आणि खाली, जिथं लाल मातीचा उजेड वर फेकला जात होता, तिथं तांबूस. काळी कुठंच नव्हती. सहासष्ट वर्षं त्याच्या अवतीभवती सावल्या पडत होत्या आणि त्यानं त्यातली एकही पाहिली नव्हती. त्याला स्वतःची थोडी लाजच वाटली.

क्वार्टर एकदाचं जमिनीवरून उभं राहिलं. उजवीकडे घर, डावीकडून वळून येणारा बाजाराचा रस्ता. मग रंग भरायला बसला आणि ब्रश पाण्यात बुडवून तसाच थांबला. भिंत कोणत्या रंगाची होती? दार? बावीस वर्षं त्या दारातून तो भोंग्याला बाहेर पडला आणि भोंग्याला आत आला. दाराची रुंदी त्याला इंचात माहीत होती, पण रंग आठवेना. आता हे सांगणारं जगात एकच माणूस होतं.

बुधवारी दुपारी त्यानं मयुरीला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा. पहिल्याच घंटेला तिनं उचलला.

"काय झालं, बाबूजी? दवाखान्यात आहे काय? कोणी आहे जवळ?"

"काही नाही झालं. एक विचारायचं होतं."

"काय?"

"आपल्या क्वार्टरची भिंत कोणत्या रंगाची होती?"

पलीकडून शाळेच्या मैदानाचा आवाज येत होता. "काहून?" तिनं विचारलं. पुनारामनं अडखळत सांगितलं. मयुरी हसली, मग हसता हसता तिचा आवाज बदलला.

"पिवळी होती, बाबूजी. रामरज मातीची. खालून दीड हात काळी."

"काळी कशानं?"

"खाणीची धूळ नाही काय? माय दर दिवाळीले घासून काढे, आठ दिवसांत पुन्हा तशीच. आन दार निळं होतं."

"निळं? कंपनी तं हिरवं देत होती."

"देत होती. माय तुमच्या मागं लागून थकली, मंग तिनंच रंगवलं एका दुपारी. आपल्या झेंड्याचं निळं. तुम्ही संध्याकाळी आले, जेवले, झोपले. माय वाट पाहून राह्यली होती तुम्ही काही म्हणान म्हणून."

"मी काय म्हणलो?"

"काही नाही."

 पुनाराम ट्रेसर होता तेच कामी आलं. त्यानं वही पुढं ओढली आणि एकेक विचारत गेला. हापशीजवळ झाड होतं ना? होतं, पेरूचं, हवालदाराच्या पोरांनी मोडलं. व्हरांड्यात काय असायचं? मायची शिलाई मशीन, उजेड यावा म्हणून. त्यानं फोन ठेवला तेव्हा बावीस मिनिटं झाली होती. 

मग फोनचा रविवार राहिला नाही. तो रंगवायचा, फोटो पाठवायचा, ती दुपारच्या सुट्टीत फोन करून चुका काढायची. मास्तरीणच ती. पिवळा इतका झणझणीत नव्हता, बाबूजी. प्रियंकानं त्या पिवळ्यात जांभळ्याचा नखभर थेंब घालायला शिकवलं, तसा तो शांत झाला. धुळीचा काळा बाटलीतला वापरायचा नाही, निळा आणि तपकिरी मिसळून करायचा, हेही तिनंच सांगितलं. पिवळ्या भिंतीत ते निळं दार असं उठून आलं, की वर्गातली पोरं उठून बघायला आली. पुनाराम वरकरणी गंभीर होता, पण त्या दिवशी घरी जाताना त्यानं जिलेबी घेतली.

मयुरीनं तो फोटो पाहिला आणि लगेच फोन केला.

"सगळं बरोबर आहे, बाबूजी. पण माय कुठं आहे?"

नकाशात माणसं नसतात. छत्तीस वर्षांत त्यानं एकही माणूस काढला नव्हता. शेवंताबाईच्या फोटोवरून तिचा चेहरा काढायला त्यानं चार कागद वाया घालवले. प्रत्येकावर कोणीतरी अनोळखी बाई रागानं बघत होती. पाचवा कागद न घेता तो क्वार्टरचं चित्रच घेऊन प्रियंकाकडे गेला. तिनं चित्र लांब भिंतीला टेकवून ठेवलं आणि डोळे बारीक केले.

"रास्ता खाली है, इसलिए आँख भटकती है. चेहरा मत बनाइए, दादाजी. दादी को इस रास्ते पर रखिए, घर की तरफ जाती हुई, पीछे से. छोटी सी. सिर, पीठ, हाथ में थैला. बस उनकी चाल आनी चाहिए. चाल आ गई तो बेटी पहचान लेगी."

सोपं होतं. पुनारामनं ब्रश भरला, रस्त्यावर नेमकी जागा धरली, आणि ब्रश कागदावर टेकवेना. पिशवी कोणत्या हातात असायची? कोणता खांदा खाली? पाऊल सरळ टाकायची की तिरकं? त्यानं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. बाजाराचा दिवस, तो रस्ता, हापशी, सगळं आलं. शेवंताबाई आली नाही.

आणि का आली नाही ते त्याला कळलं. तो पुढं चालायचा. उकव्याच्या त्या रांगेतले सगळेच पुरुष पुढं चालायचे, हात मागं बांधून, आणि बायका दहा-पंधरा पावलं मागून, पिशवी आणि पोरं सांभाळत. बाजाराला तसं, विहारात तसं, लग्नाला तसं. त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. चाळीस वर्षं शेवंताबाई त्याच्या मागून चालली, आणि त्यानं मान वळवली असेल ती फक्त लवकर चल म्हणायला. ती त्याच्या पुढं गेली ती एकदाच, चौघांच्या खांद्यावरून. तिच्या डोळ्यांसमोर त्याची पाठ चाळीस वर्षं होती. त्याला तिची पाठ एकदाही दिसली नव्हती. प्रियंका दुसऱ्या पोरांकडे वळली होती. ब्रशमधला रंग वाळून गेला तरी पुनाराम तसाच बसून होता.

त्या संध्याकाळी त्यानं मयुरीला फोन केला.

"मयुरी, तुयी माय मागून कशी दिसे?"

"म्हणजे?"

"चालताना. मले काढायची आहे रस्त्यावर. मले..." त्याला वाक्य पुरं करायला वेळ लागला. "मले माहीतच नाही."

 मयुरीनं सांगायला सुरुवात केली, अशी, म्हणजे थोडी अशी, आणि थांबली. "ते बोलून नाही सांगता येत, बाबूजी." मग म्हणाली, "सारे म्हणतात मी मागून हुबेहूब मायसारखी चालते. हेमराज मामा तं एकदा मले मायच्या नावानं हाक मारून बसला होता. मी शनिवारी येते. आपण उकव्याले जाऊ."

शनिवारी ती गोंदियाला गाडी बदलून सकाळीच बालाघाटला आली. स्टेशनवर बापलेकीनं एकमेकांकडे बघितलं, आणि फोनवर सुचणारं सगळं तोंडासमोर पुन्हा पळालं. उकव्यावरून जाणाऱ्या बैहरच्या बसमध्येही दोघं शेजारी शेजारी बसून खिडकीबाहेरचं जंगल बघत राहिले. एकदा मयुरीनं संत्र सोलून अर्धं त्याला दिलं. पुनाराम मनातून घाबरलेला होता. आज काही झालं नाही, तर पोरगी परत जाईल आणि पुढच्या फोनला विचारायला रंग उरणार नाहीत.

उकव्याला ते उतरले तेव्हा दहा वाजले होते. जुन्या रांगेच्या जागी गुलाबी रंगाची नवी घरं उभी होती, प्रत्येकाच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी. हापशी नव्हती. रस्त्याचं वळण मात्र तेच होतं. वळणाशी मयुरी थांबली, खांद्यावरच्या बॅगेतून कापडी पिशवी काढली, त्यात पाण्याची बाटली आणि उरलेली संत्री टाकली. बाजाराचं ओझं दिसावं म्हणून.

"तुम्ही मागून या," ती म्हणाली.

सवयीनं पुनारामचा पाय पुढं पडला होता. त्यानं तो मागं घेतला.

ती चालू लागली. दहा पावलं, पंधरा पावलं. पुनाराम मागून निघाला. रस्त्यावर मागून चालणं त्याला इतकं नवीन होतं की हात कुठं ठेवावे तेच कळेना. तो बघत होता, नकाशा बघायच्या नजरेनं, काही सुटू नये म्हणून. पिशवी उजव्या हातात. त्यामुळे डावा खांदा किंचित वर. डावं पाऊल जरासं बाहेर पडतं. दर आठ-दहा पावलांनी मान थोडी उजवीकडे वळते, मागचं कोणी येतंय की नाही ते ऐकायला. तिची सावली रस्त्यावर आडवी पडली होती, निळसर, कडेला तांबूस. समोरून सायकलवर आलेल्या बाईनं दोघांकडे बघितलं आणि पुढं जाऊन पुन्हा वळून बघितलं.

मयुरी मागं न वळताच म्हणाली, "तशीच ना, बाबूजी?"

 समोर जे चाललं होतं ते पुनारामला दिसत होतं, अगदी स्वच्छ. ते शेवंतासारखं होतं की नव्हतं, हे ताडून पाहायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं. तशीच, असं म्हणून टाकलं असतं तर पोरगी खूश झाली असती. चित्रही झालं असतं.

"मले नाही सांगता येत, पोरी," तो म्हणाला. "मी तिले कधी पाह्यलंच नाही."

मयुरी थांबली. पाठ त्याच्याकडेच होती. तिनं मोकळ्या हातानं ओढणीचं टोक उचलून तोंडाला लावलं, दोन्ही खांदे एकदा हलले, मग स्थिर झाले. पुनाराम पंधरा पावलांवर उभा होता. जवळ जावं की नाही हे त्याला कळत नव्हतं.

"मंग आता नीट पाहून घ्या," ती म्हणाली, आणि पुन्हा चालू लागली, आधीपेक्षा हळू.